ईसीजीवाल्या शालनताई

छातीला तारा लावण्याआधी शालनताई दोन्ही तळवे खसाखसा चोळून ऊब आणायच्या. "गार हात लागला की काळीज दचकतं," म्हणायच्या. मूळच्या वरंधच्या. महाडच्या एका लहान दवाखान्यात त्यांनी वर्षानुवर्षं ईसीजी काढले.

माझ्या बाबांच्या हृदयाची झडप मुंबईत बदलली, तीही छाती न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून. पाचव्या दिवशी बाबा कापड्याला, आमच्या गावी, घरी. "झडपेला लागूनच ठोक्यांची वाट जाते, तिच्यावर दाब येऊ शकतो. आठवड्याने ईसीजी काढाच," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भात कापणीला आलेलं; मी बाबांना जवळजवळ ओढतच महाडला आणलं.

शालनताईंनी ईसीजीची पट्टी काढली, फायलीतली मुंबईची पट्टी मागून घेतली आणि दोन्ही खिडकीपाशी धरून बघत राहिल्या.

"काका, चक्कर आलेली?"

"नाय."

"डोळ्यांपुढं अंधारी?"

"नाय गो बाय, ठणठणीत हाय मी."

ताईंनी पट्टी बाबांच्या डोळ्यांपुढं धरली. बाबांनी मान खाली घातली. "एकदा आली. बांधावर. घडीभर बसलो, गेली."

मला हे ठाऊकच नव्हतं.

ताई पट्ट्या घेऊन आत डॉक्टरांकडे गेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "वरच्या कप्प्याचा निरोप खालच्याला उशिरा पोचतोय. एखाद वेळी पोचायचाच नाय. डॉक्टर म्हणतात, आजच मुंबई गाठा."

बाबा उठले. "कापणी झाल्यावर बघू."

ताईंनी वाकून त्यांच्या चपला उचलल्या, कपाटात टाकल्या आणि कुलूप लावलं. "जा आता अनवाणी कापणीला!"

बाबा चिडले, मग हसले, मग मुकाट खाटेवर बसले. चपला त्यांना ॲम्ब्युलन्स सुटताना मिळाल्या.

मुंबईत वॉर्डात पोचल्यावर तासाभरात ठोके एकदम मंदावले आणि बाबांची शुद्ध हरपली. पण माणसं, यंत्रं हाताशी होती. ठोके चालू ठेवायला हृदयात तात्पुरती तार घातली. दोन दिवसांनी पेसमेकर बसवला.

पेढे घेऊन गेलो तर ताई संकोचल्या. "मी कागद बघितला. काका खरं बोलले, ते मोठं."

गेल्या वर्षी ताई वारल्या. बाराव्याला बाबा हट्टाने वरंधला आले. ताईंच्या मुलाने विचारलं, "आईचे कोण तुम्ही?"

बाबा म्हणाले, "तिनं सांगितलं ते मी पयलं ऐकलंच नाय. तरी तिनं मला सोडलं नाय. म्हणून आज मी हाय."