शेवटच्या नळाचा दाब

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ज्युनिअर इंजिनीअर म्हणून लागलो होतो आणि कारंज्याजवळच्या एका मोठ्या गावाच्या नळयोजनेचं गणित माझ्याकडे आलं होतं. टाकी गावाच्या वरच्या अंगाला टेकाडावर. तिथून खाली पाइपांचं जाळं, आणि अगदी टोकाला, नाल्यापलीकडे जरा चढावर, बौद्ध वस्तीचा नळ.

जाळ्यात पाणी एकाच वाटेनं जात नाही. एका नळाला दोन बाजूंनी पाणी मिळतं. कोणत्या बाजूनं किती येईल ते आधी अंदाजानं धरायचं. मग एकेका वेढ्यात दाब किती घटतो ते काढायचं, उजव्या फेऱ्यानं जाणाऱ्या पाण्याला अधिक, डाव्या फेऱ्यानं जाणाऱ्याला वजा. बेरीज शून्य आली नाही की आकडे थोडे हलवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. स्लाइड रूल, म्हणजे गणिताची सरकपट्टी घेऊन मी हे काम महिनाभर करत होतो. मधे एका ठिकाणी अधिकच्या जागी वजा पडलं आणि आठ दिवसांचं काम फाडून टाकावं लागलं. ती चूक मी पकडली खरी, पण तेव्हापासून माझा माझ्यावरचा भरवसा गेला तो गेलाच.

योजना सुरू झाली. चावडीच्या नळाला पाणी धो धो आलं, शाळेच्या नळाला बरं आलं. नाल्यापलीकडच्या नळानं आधी हवा सोडली, मग करंगळीएवढी धार धरली आणि थोड्या वेळानं तीही थेंबावर आली.

तिथं एक म्हातारी पाणी भरायचे दोन पितळी गुंड घेऊन बसली होती. तिनं बराच वेळ वाट पाहिली. मग मला म्हणाली, "साहेब, तुमच्या कागदावर पानी येऊन राह्यलं असंन. आमच्या गुंडात नाई."

"येईल मावशी. पाहतो मी," मी म्हणालो.

"पाहा. पन खरं सांगा, वरून कोनं बंद तं नाई केलं?"

मी नाही म्हणालो. पण तिच्या आधी ती शंका माझ्याच मनात येऊन गेली होती. मी त्याच भागातल्या इंझोरीचा. आमच्या घरानं धम्म स्वीकारला तेव्हा मी शाळेत नुकताच जायला लागलो होतो. त्याआधी माझी आई विहिरीपासून लांब उभी राहून कुणीतरी वरून पाणी ओतण्याची वाट पाहायची. हे मी कचेरीत कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि आता मी स्वतः काढलेल्या जाळ्यात पाणी नेमकं तिथंच अडलं होतं. वरचे सगळे व्हॉल्व्ह मी स्वतः फिरवून पाहिले. सगळे उघडे होते. म्हणजे कुणी बंद केलं नव्हतं. चूक माझ्याच गणितात होती.

आमचे डेप्युटी साहेब साताऱ्याकडचे, मितभाषी माणूस. त्यांनी मला गावातल्या नळांवर दाब मोजायचं गेज लावून नोंदी घ्यायला लावल्या. नोंदी पाहिल्या आणि म्हणाले, "गणित पुन्हा करा. नाही जमलं तर त्या वस्तीला वेगळी वेळ देऊ. बाकीचे नळ बंद करून दुपारी तासभर पाणी सोडू."

ते सहज बोलले, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण बाकीच्यांचं झाल्यावर त्यांचं, हे माझ्या आकड्यांमुळे व्हावं, हे मला सहन होईना. मी तीनदा गणित केलं. तिन्ही वेळा उत्तर थोडं थोडं वेगळं आलं, पण पाणी आलंच पाहिजे असंच आलं. मला ते खरं वाटेना. जेवण जाईना.

माझा एक वर्गमित्र नागपूरला एका कॉलेजात शिकवत होता. तिथं कॉम्प्युटर होता आणि ह्याच पद्धतीचं गणित त्या यंत्राकडून करून घेणारा प्रोग्राम तो लिहीत होता. मी रजा टाकली, नकाशा आणि नोंदींची वही पिशवीत घातली आणि बस धरली.

त्यानं माझा चेहरा पाहिला आणि म्हणाला, "काहून एवढा सुकला बे? गणितच तं हाय."

आकडे कॉम्प्युटरला कळावेत म्हणून एका खोलीत टंकयंत्रासारख्या मशीनपुढे बसून आम्ही कार्डांना भोकं पाडली. एका पाइपाला एक कार्ड: लांबी, व्यास, कुठून कुठं. गठ्ठा खिडकीतून आत दिला. काचेपलीकडे कपाटाएवढं ते यंत्र घरघरत होतं. पहिल्या खेपेला एक ओळ छापून कागद परत आला: कुठलंसं कार्ड उलटं लागलं होतं. ते सुलट करून गठ्ठा पुन्हा आत दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरं छापलेला, कडेला भोकं असलेला रुंद कागद हाती आला.

मी थेट शेवटची ओळ पाहिली. नाल्यापलीकडचा नळ. दाब पुरेसा, माझ्या आकड्यापेक्षा अगदी थोडा कमी.

मी तिथल्या बाकावर बसलो. महिनाभर छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं. मित्र मात्र कागद वाचतच होता.

"तुझं गणित बरोबर हाय," तो म्हणाला. "म्हणजे कागदावर हायेत ते पाइप जमिनीत चालू नाईत. यंत्राले आपन जे सांगतो तेच ते मानते. आता त्याले खोटं सांगून पाहू."

"म्हणजे?"

"एकेक पाइप काढून टाकू. कोनता काढल्यावर उत्तर तुह्या गेजच्या नोंदीशी जुळते ते पाहू."

हातानं हे करायला माझं निम्मं वर्ष गेलं असतं. आम्ही प्रत्येक वेळी एक कार्ड बाहेर काढून गठ्ठा आत देत होतो. त्या दिवशी यंत्राला दुसरं काम नव्हतं; संध्याकाळपर्यंत सात कागद जमले. पहिल्या सहांत काहीच जुळलं नाही. सातव्या वेळी नाल्याखालून जाणाऱ्या पाइपाचं कार्ड काढलं आणि शाळेचा, चावडीचा, शेवटचा, सगळे आकडे माझ्या वहीतल्या नोंदींजवळ येऊन बसले. म्हणजे नाल्याखालचा पाइप बंद होता आणि त्या वस्तीला पाणी फक्त लांबच्या वळशाच्या बारीक पाइपातून जात होतं.

परतीच्या बसमध्ये मी कामरगाव येईपर्यंत गाढ झोपलो. बऱ्याच दिवसांनी अशी झोप लागली होती.

डेप्युटी साहेबांनी कागद दोनदा पाहिला. "यंत्र नागपुरात बसून नाल्यातलं सांगतं?" एवढंच म्हणाले आणि खोदायची परवानगी दिली.

पाइप टाकणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. नाल्याकाठी येऊन त्यानं जोडाची जागा पाहिली. मग हळूच म्हणाला, "साहेब, पावसात काम बंद होतं ना, तवा गाळ शिरू नये म्हनून तोंडात पोतं कोंबलं होतं. मीच कोंबलं होतं. काढाचं राह्यलं."

त्याला वाटलं मी आता ओरडणार. मला तर त्याच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. एक विसरलेलं पोतं. कुणाचा डाव नव्हता, माझं चुकलेलं चिन्हही नव्हतं.

जोड उघडला. कुजलेलं काळं पोतं आणि घमेलंभर गाळ निघाला. सांधा पुन्हा बसवून पाणी सोडलं आणि मी वस्तीकडे गेलो. नळ आधी फुरफुरला, गढूळ पाणी ओकला, आणि मग जाड धार सरळ खाली पडायला लागली. म्हातारीनं गढूळ पाणी जाऊ दिलं, मग गुंड धरला. भरलेला गुंड तिनं बाजूला ठेवला.

"काय झालं होतं?" तिनं विचारलं.

"पाइपात पोतं अडकलं होतं. मिस्त्री काढायचं विसरला."

"पोतं?" तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, खोटं बोलतोय का ते तपासल्यासारखं. मग शेजारणीकडे वळून म्हणाली, "पोतं होतं म्हने, बाई. मी उगाच सरपंचाले शिव्या देऊन राह्यली होती."

दोघी हसायला लागल्या. मागं बायकांची रांग लागली होती. मी बाजूला झालो, आणि कचेरीत परत जायच्या आधी बसस्टँडवरच्या हॉटेलात पोटभर जेवलो.