वस्तादाच्या हातची प्लेट

उलटेराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव आता कागदपत्रांपुरतंच उरलंय. तीस वर्षांपूर्वी वस्तादाच्या गॅरेजात एका जुन्या गाडीची क्लचप्लेट उलटी बसली, गिअर पडेना, आणि गाडीच्या मालकासमोर वस्तादानं ह्याच्याकडे बोट दाखवलं, "ह्या गाढवानं बसवली." गॅरेजातला पेंटर लगेच ओरडला, "या, उलटेराव!" सगळे पोट धरून हसले. ते नाव लेकीच्या शाळेपर्यंत गेलं. "बाबा, मला उलटेबाई म्हणतात," असं रडत पोरगी घरी आली, तेव्हापासून हा दातओठ खातोय.

आता खरं काय ते ऐका. त्या गॅरेजातली रीत अशी, की क्लचप्लेट ठेवायची ती वस्तादानंच. बाकीच्यांनी फक्त नट आवळायचे. हे तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. त्या दिवशीही वस्तादानंच ठेवली होती. प्लेटचा मधला उंचवटा आपल्याकडे ठेवायचा, ही त्याच्या हाताची सवय. शंभरातल्या नव्व्याण्णव गाड्यांना ते बरोबर. ही गाडी शंभरावी. हिचा उंचवटा इंजिनाकडे जातो. "वस्ताद, उलटी जातेय," असं हा म्हणालाही होता. "तू मला शिकवणार?" झालं! वर प्लेट सुलटी करायला ह्यालाच लावलं, आणि त्याच संध्याकाळी हाकलून दिलं.

तीच गाडी यंदा ह्याच्या स्वतःच्या दुरुस्तीच्या शेडच्या दारात येऊन उभी राहिली. मधल्या काळात वस्तादानंच ती विकत घेतली होती. रविवारी जुन्या गाड्यांची मिरवणूक, वस्तादाची गाडी सगळ्यांत पुढे, आणि क्लच साफ गेलेला. नवी प्लेट कुठे मिळत नाही, आणि जुनीवर हातानं अस्तर चढवणारा पंचक्रोशीत हा एकटा. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. ह्याला गाढव तर त्यानंच म्हटलं होतं!

"जमेल ना रे?" वस्ताद म्हणाला. सत्तरी उलटली तरी ताठा तोच. "सुलटी बसव म्हणजे झालं!"

"रिव्हेटं ढिली ठोका," बायको जेवताना म्हणाली. "भर मिरवणुकीत फजिती होऊ दे मेल्याची."

"आणि नाव कोणाचं जाईल?"

"तुमचं नाव उरलंय कुठे जायला?"

पाण्याचा घोट घेऊन तो म्हणाला, "म्हणूनच काम असं करीन, की माझ्याकडे बोट दाखवायला नखाएवढी जागा राहणार नाही."

प्लेट बाहेर काढली. तेव्हा सुलटी केलेली, ह्याच्याच हातची ती. अस्तर पार रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजलेलं. म्हणजे तीस वर्षं ह्याच्या कामावर गाडी धावली आणि तीस वर्षं ह्यालाच उलटा म्हटलं, बघा निर्लज्जपणा! ह्यानं जुनी रिव्हेटं ड्रिलनं काढली, प्लेट काचेवर ठेवून कुठे वाकलीय का ते पाहिलं, नवं अस्तर भोकाला भोक जुळवून बसवलं. तांब्याची रिव्हेटं एक इकडचं, एक समोरचं अशी ठोकत गेला, म्हणजे ताण सगळीकडे सारखा पडतो. प्रत्येक ठोक्याला मनात वस्तादाचं टाळकं होतं. त्यात तीन दिवस गेले.

शनिवारी सकाळी त्यानं गॅरेजातल्या जुन्या मंडळींना बोलावून घेतलं. पेंटर आला, दोघे फिटर आले, वस्तादही आला.

"प्लेट तयार आहे," उलटेराव म्हणाला. "पण रीत ती रीत. ठेवायची वस्तादांनीच."

वस्तादाची छाती फुगली. गाडीच्या तळाचा पत्रा आणि गिअरबॉक्स काढलेला होता, आत इंजिनाकडे तोंड करून बसूनच काम करायचं होतं. ह्यानं प्लेट उभी धरून तिची कड पुढे केली. ना ही बाजू, ना ती. वस्तादानं ती घेतली आणि उंचवटा आपल्याकडे करून ठेवली. त्याला ऐन वेळी आठवेल, अशी ह्याला धाकधूक होती. पण जी चूक कधी आपली मानलीच नाही, ती लक्षात कशी राहणार? हा गप्प राहिला. मंडळींनी नट आवळले, गिअरबॉक्स चढवला. दुपार झाली.

वस्तादानं इंजिन चालू केलं, क्लच दाबून गिअर टाकला. खर्रर्र! पुन्हा टाकला. खर्रर्र!

त्याचं बोट आपसूक वर आलं. उलटेरावाकडे. "ह्यानं..."

कोणी हसलं नाही. पेंटर मान खाली घालून म्हणाला, "वस्ताद, प्लेट तुम्ही ठेवलीत. आम्ही सगळ्यांनी बघितलं."

"तेव्हाही बघितलं होतंत," उलटेराव म्हणाला.

वस्तादाचं तोंड उतरलं. "मी ठेवत होतो तेव्हा तू शेजारीच उभा होतास. बोलला का नाहीस?"

"बोललो होतो, वस्ताद. तीस वर्षांपूर्वी."

त्यानं पाना वस्तादाच्या मांडीवर ठेवला. "मी आता सोमवारी येणार. घाई असेल तर तुम्हीच उघडा. उंचवटा इंजिनाकडे." आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन तो जेवायला घरी गेला.

रविवारी मिरवणूक त्याच्या दारावरूनच गेली. त्यानं दोन खुर्च्या बाहेर टाकल्या होत्या, एक स्वतःला, एक बायकोला. सगळ्यांत पुढे दुसऱ्याच कोणाची तरी गाडी होती.