खालूंची निळी गाडी विकणे आहे

एखादी वस्तू विकायला काढून ती कुणालाही न विकण्यात माझ्या बायकोच्या खालूंचा हात धरणारा माणूस साऱ्या आखातात सापडणार नाही. खालू म्हणजे मावशीचे यजमान. आमच्या कोकणी मुसलमानांत हे नातं तसं दूरचं नाही, पण जावयाने घाबरून राहावं इतकं जवळचंही नाही. मी मात्र अकरा वर्षं घाबरून होतो, कारण खालूंची ती दोन दारांची, लांबलचक बॉनेटची निळी अमेरिकन स्पोर्ट्स कार कागदोपत्री माझ्या नावावर होती. गाडी त्यांची, नाव माझं. विकायची त्यांना, जाहिरात द्यायची मी. गिऱ्हाईक मला विचारणार आणि उत्तर खालू देणार. या व्यवहारात मी नक्की कोण होतो, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात खालूंचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. रत्नागिरीजवळच्या गावातून ते विशीत इथे आले ते सुई-दोरा घेऊनच आले, आणि पुढे ती सुई त्यांच्या शर्टाच्या कॉलरला कायमची राहिली. माणसं ते चेहऱ्यावरून ओळखत नसत, बैठकीवरून ओळखत. एकदा माझे मॅनेजर घरी जेवायला आले होते. ते गेल्यावर खालू म्हणाले, "जमाई, तुझा साहेब डाव्या कुल्ल्यावर बसतो. कंबर गेलीय त्याची." पुढच्या आठवड्यात साहेब पट्टा बांधून ऑफिसात आले. तेव्हापासून खालू घरात असले की मी शक्यतो उभाच राहतो.

गाडी त्यांच्याकडे आली तीही सीटांपायीच. एक म्हातारे अरब गृहस्थ फाटक्या सीटा बदलायला ती घेऊन आले. काम तीन महिने चाललं आणि तेवढ्यात डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणंच बंद केलं. मुलांना ही जुनी गाडी नको होती. "तूच सांभाळ," म्हणून ते गाडी खालूंना देऊन गेले. आता आली पंचाईत, कारण खालूंकडे लायसन्स नव्हतं. पार्किंगच्या परीक्षेत ते सहा वेळा नापास झाले होते आणि सातव्या वेळी परीक्षकालाच त्याच्या सीटचा फोम हलक्या प्रतीचा आहे असं सांगून बसले होते. तेव्हा गाडी माझ्या नावावर झाली आणि दर शुक्रवारी सकाळी मी दुबईतल्या अल कुसैसच्या माझ्या घरून शारजाला जाऊन खालूंना फिरवून आणायचं असं ठरलं. कुणी ठरवलं ते आठवत नाही. मी नव्हतं ठरवलं. ड्रायव्हरच्या सीटवर खालू आधी जाडजूड चादर अंथरत, तिच्यावर मला बसवत, आणि स्वतः शेजारी चपला हातात घेऊन बसत. एसी नव्हता. आठ सिलिंडरचं इंजिन गुरगुरायला लागलं की सगळं शारजा वळून बघे. खालू मात्र रस्त्याकडे बघत नसत, माझ्या पायाकडे बघत. "ब्रेक आहे तो, विंचू नाही. ठेचू नकोस."

मग मागच्या वर्षी खालाच्या, म्हणजे मावशीच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिकडे गावात ती एकटी. खालूंनी दुकान बंद करायचं ठरवलं, व्हिसाची शेवटची तारीख ठरली, आणि ते मला म्हणाले, "गाडी विकून टाक. खलास." मी त्याच संध्याकाळी मोबाइलवर जाहिरात टाकली. तिथून पुढचे तीन महिने माझ्या डोक्याचा जो गोंधळ झाला, तो अजून पुरता निस्तरलेला नाही.

पहिला आला तो अबुधाबीहून, अल रीम आयलंडवर राहणारा आपला पुण्याचा एक पोरगेला इंजिनियर. आल्या आल्या त्याने बॉनेट उघडलं, इंजिनाचे फोटो काढले आणि विचारलं, "काका, पळते किती?"

"पळत नाही. चालते," खालू म्हणाले. "आणि पाऊस पडला की डाव्या दारातून पाणी येतं."

"इथे कुठे पाऊस पडतो?"

"पडला तर?"

तो गेल्यावर मी दार तपासलं. दाराला काहीही झालेलं नव्हतं.

दुसरा एक हॉटेलवाला. त्याला ही गाडी दर्शनी भिंतीत अर्धी बसवायची होती. त्यानेही आधी बॉनेटच उघडलं, मग स्वतःहून किंमत वाढवली. मी ती मनात दिरहमची रुपयांत करून पाहिली आणि खालीच बसलो. खालू छातीवर हात ठेवून म्हणाले, "इन्शाल्ला." हॉटेलवाला खूश झाला, मीही झालो, हस्तांदोलनं झाली. दुसऱ्या दिवशी तो गाडी न्यायला आला तर खालूंनी बॅटरीच काढून ठेवलेली.

"खालू, तुम्ही हो म्हणालात ना?"

"मी इन्शाल्ला म्हटलं."

"म्हणजे हो की नाही?"

"ते मला काय माहीत? अल्लाला माहीत."

तिकडून खाला फोन करी. "जमाई, ती गाडी विकली जात नसेल तर त्यांना म्हणावं, तिलाच सांगा, म्हातारपणी भाकऱ्या भाजून घाल. मी काही वाट बघायची नाही आता." ती हसत बोलायची, पण फोन ठेवताना व्हिसाची तारीख पुन्हा विचारायची. पस्तीस वर्षांत ही दोघं सलग दोन महिने एका घरात राहिली नव्हती. व्हिसाचे अठरा दिवस उरले होते आणि खालू एकेक गिऱ्हाईक चहा पाजून वाटेला लावत होते. मी वैतागून घरी ओरडलो तर माझी बारा वर्षांची मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "अब्बा, ही डझन्ट वॉन्ट टु सेल इट. ही जस्ट वॉन्ट्स समवन टु लुक." बघतायत की सगळे, मी म्हटलं. आणखी किती बघायचं?

शेवटी एका सकाळी एक वयस्कर अमिराती जोडपं दुकानात आलं. नवरा पायघोळ पांढऱ्या कंदुऱ्याच्या बाह्या सावरत गाडीभोवती फिरला. मी सवयीने बॉनेट उघडायला धावलो. बाई मात्र सरळ दारापाशी गेल्या आणि आत बघत थांबल्या. खालूंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पुढे होऊन ड्रायव्हरच्या सीटवरची चादर स्वतः काढली. अकरा वर्षांत ती सीट मी उघडी पाहिली नव्हती. सायीच्या रंगाचं कातडं, त्यावर दुहेरी टाक्यांच्या ओळी, कोपऱ्यावर वळताना किंचित जवळ आलेल्या आणि पुन्हा सुट्या झालेल्या. बाई बसल्या. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि इथल्या जुन्या लोकांना येते तशा हिंदीत विचारलं, "ये सिलाई किसने किया? ये मशीन का नहीं है. हाथ का है."

एरवी गिऱ्हाइकाला बोलू न देणारे खालू भिंतीवर टांगलेल्या कात्र्यांकडे तोंड करून उभे राहिले. मीच म्हटलं, "इन्होंने किया है."

"माशाल्ला," बाई म्हणाल्या. बोट अजून शिवणीवरच होतं.

नवऱ्याने किंमत विचारली. मी खालूंकडे पाहिलं. ते पाठमोरेच म्हणाले, "तूच सांग, जमाई. गाडी तुझी आहे."

मी सांगितली. काय सांगितली ते खरंच आठवत नाही. त्यांनी घासाघीस केली नाही एवढं आठवतं. त्याच दुपारी आम्ही गाडी नावावर करून द्यायला गेलो. विकणारा म्हणून माझी सही झाली, काउंटरवरच्या मुलीने माझं अभिनंदन केलं, आणि खालू मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिले. निळी गाडी फाटकाबाहेर वळली तेव्हा ते उठलेसुद्धा नाहीत.

परत जायला टॅक्सी केली. आता हे काहीतरी बोलतील, टॅक्सीच्या सीटला नावं ठेवतील, निदान ड्रायव्हरला तरी शिकवतील, म्हणून मी वाट बघत होतो. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये टॅक्सी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. थोड्या वेळाने खांद्याला काहीतरी टेकलं. खालू झोपले होते. तोंड किंचित उघडं, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवलेले. बोटांच्या टोकांवर सुईने पडलेले बारीक काळे ठिपके मला पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसले. त्यांची इमारत आली. पेशावरी ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि विचारलं, "भाईसाब, उतरना नहीं?"

"थोडी देर में," मी म्हटलं. "मीटर चलने दो."