अण्णांच्या गाडीचा पंप

बसा, चहा ठेवलाय. तो होईपर्यंत माझी फजिती ऐका. तुम्हाला हसू आलं तर खुशाल हसा, पण मला अजून नीट हसता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. घरात वडील गेलेले, आई मुकी झालेली, आणि मी भर आग्रा रोडवर एका उकळत्या गाडीला हात जोडून उभा! केलंय असं तुमच्यापैकी कोणी? नाही ना? मग ऐका.

गोष्ट गिरणी संपानंतरची. आमचे वडील, अण्णा, गिरणीत फिटर होते. गिरणी कायमची बंद पडली तेव्हा तिथले एक साहेब मुंबई सोडून निघाले आणि जाता जाता आपली जुनी गाडी अण्णांना जवळजवळ फुकटात देऊन गेले. गोल पाठीची, फुगीर नाकाची ती गाडी तुम्ही पाहिली असेल. सगळी मुंबई तिला ‘डुक्कर’ म्हणायची. अण्णांसमोर मात्र तसं म्हणायची सोय नव्हती. ते तिला ‘बाय’ म्हणायचे. आज बाय खोकतेय. आज बायला बरं नाही.

अण्णांना पुन्हा काम मिळालं नाही. मग दिवसभर ते आणि ती गाडी. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगखाली बॉनेट उघडून बसायचे. एक नट सैल करायचा, पुसायचा, परत घट्ट करायचा. आई खिडकीतून चहाला हाक मारायची. मला ते कशाला हात लावू द्यायचे नाहीत. माझं काम एकच, उजेडासाठी हातातली बॅटरी धरायची.

“नीट धर रे. हात हलतोय तुझा.”

मी विम्याच्या ऑफिसात हेडक्लार्क झालो, दोन पोरांचा बाप झालो, तरी रविवारी माझा हुद्दा बॅटरीवाला!

असे हे अण्णा एका पहाटे झोपेतच गेले. कोणाला उठवलंसुद्धा नाही.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आता कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली. मग जवळच्यांनी एकेकाने पुढे व्हायचं आणि ती पुरी करायचं कबूल करायचं. माझा मोठा भाऊ दादा पुढे झाला. “अण्णा, आईची काळजी करू नका.” कावळा भिंतीवर ढिम्म. मी म्हटलं, “वर्षश्राद्ध गावी करू, अण्णा.” कावळ्याने पाठ फिरवली. मालवणहून आमचे मामा आले होते, ते हात जोडून म्हणाले, “भावोजीनु, तुमका बांगडे व्हये ना? उद्याच आणतंय.” कावळा उडूनच गेला.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि आम्ही खाली मानेने घरी आलो. पण मामांच्या डोक्यातून ते जाईना.

“दर्भाचो कावळो म्हणजे नुसतो अंगठो,” ते म्हणाले. “सही नाय झाली अजून.”

आई या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती. रडलीही नव्हती. आम्हाला खरी काळजी त्याची होती. माणूस रडलं की मोकळं होतं. ही स्वयंपाक करायची, भांडी घासायची आणि खिडकीत जाऊन उभी राहायची. तासन् तास.

तेरावं झाल्यावर आम्ही भावांनी गाडी विकायचं ठरवलं. दादा बोरीवलीला राहायचा, त्याला तिचा उपयोग नव्हता. मी आईबरोबर, पण मला ती जेमतेम चालवता यायची. त्यात सोसायटीचे सेक्रेटरी रोज जिन्यात गाठून विचारायचे, “मग जागा कधी मोकळी होतेय?” घाटकोपरला एक गिऱ्हाईक मिळालं. लग्नात नवरानवरीला बसवायला जुन्या गाड्या भाड्याने देणारा माणूस. त्याची अट एकच होती, गाडी स्वतःच्या पायांनी आली पाहिजे.

आम्ही आईला विचारलं. ती म्हणाली, “तुमची गाडी, तुम्ही ठरवा.”

आम्ही तो होकार समजलो. अक्कल बघा आमची!

अडचण एवढीच होती की गाडीचा पाण्याचा पंप गेला होता. हा पंप इंजिनातलं तापलेलं पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये फिरवतो, म्हणजे इंजिन थंड राहतं. आमचा पंप करकरत होता आणि खाली पाण्याचं थारोळं व्हायचं. दादा म्हणाला, “मेकॅनिक बोलवूया.”

“कशाला? मी बदलतो.”

“तू?”

“हो, मी! आयुष्यभर बॅटरीच धरू काय?”

खरं सांगतो, मला ते काम करायचंच होतं. अण्णांच्या हयातीत जमलं नाही, निदान ते गेल्यावर तरी त्यांची गाडी माझ्या हाताने नीट व्हावी, असं फार वाटत होतं. कुर्ल्याहून नवा पंप आणला. अण्णांचे पाने घेतले. पट्टा काढला, पंखा काढला, रेडिएटरच्या खालच्या जाड रबरी नळीची क्लिप सोडवली, आणि त्या नळीतून गंजाचं पाणी टपटप माझ्या डोळ्यांत! मी आईचा जुना उशीचा अभ्रा फाडला, त्याचा बोळा केला आणि नळीत गच्च कोंबला. पाणी थांबलं. काय हुशारी!

हा बोळा तुम्ही लक्षात ठेवा. मी नाही ठेवला.

कारण तेवढ्यात वरून हाक आली. नाहूरच्या एक लांबच्या आत्या भेटायला आल्या होत्या. त्या आल्या, अण्णांसाठी मोठमोठ्याने रडल्या, मग स्वतःच्या गुडघ्यांसाठी रडल्या, मग सुनेसाठी रडल्या. त्यांना रिक्षात बसवून मी परत खाली येईपर्यंत उन्हं कलली होती. भराभर नवा पंप बसवला, नळी वर चढवली, क्लिप आवळली, पाणी भरलं. पाणी जरा कुरकुरत गेलं, पण गेलं.

चावी फिरवली. इंजिन सुरू! खाली एक थेंब गळत नाही! मी वर बघितलं तर आई खिडकीत होती. मी अंगठा दाखवला. ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन चक्कर मारायला निघालो. नाहूर आलं नाही तोच बॉनेटमधून धुराचे लोट. धूर नव्हे, वाफ. गाडी भट्टीसारखी तापलेली.

मी घरी आणून पंप परत खोलला. पंप झकास. पट्टा ताणून बघितला. पंखा बघितला. सगळं जिथल्या तिथे. फक्त ती खालची नळी मी बघितली नाही, कारण नळीत बघण्यासारखं काय असतं? दुसऱ्या चकरेत पुन्हा तेच. मी हैराण! मामा मात्र शांत.

“पंप बरो आसा रे,” ते म्हणाले. “भावोजींचो जीव अडाकलो हा हिच्यात. तेंका गाडी इकूची नाय.”

“मामा, हे मशीन आहे!”

“मग गरम कित्या होता? सांग बघू.”

तिथेच मी हरलो.

घाटकोपरच्या माणसाचा खालच्यांच्या फोनवर निरोप आला, रविवारी आणा नाहीतर राहू दे. मी म्हटलं, सकाळच्या गारव्यात थांबत थांबत नेऊ, पोचेल कशीतरी. दादा बोरीवलीहून आला. मामा निघाले. आणि चप्पल घालून आई जिन्यात उभी.

“मी पण येते. तिला पोचवायला.”

मुलीच्या पाठवणीला निघावं तशी ती मागे बसली. हात सीटवर ठेवून. मला आरशात तिचा चेहरा दिसत होता आणि मी आरशात बघायचं टाळत होतो.

नाहूर कसंबसं पार केलं. भांडुपच्या अलीकडे तापमानाचा काटा लालवर. मग फुस्स! समोरचं काही दिसेना. गाडी कडेला घेतली, सगळे उतरलो. बॉनेट थरथरतंय, वाफ फसफसतेय, आणि मामांनी काय करावं? चपला काढल्या आणि गाडीपुढे हात जोडले!

“भावोजीनु, काय व्हया ता सांगा!”

“मामा, लोक बघतायत हो!”

लोक बघतच होते. रविवार सकाळ, लोकांना दुसरं काम काय? भाजीच्या पिशव्या घेऊन एकेक जण थांबायला लागला. एक बाई मला हळूच विचारते, “कोणाचं देवस्थान आहे?” एका म्हाताऱ्याने तर टोपी काढून नमस्कारच ठोकला. आणि आमचा दादा, बँकेतला ऑफिसर, विज्ञानाचा पदवीधर! तो पुढे झाला आणि पुटपुटला, “अण्णा, मी सिगरेट सोडली. आजपासून.” वाफ दुप्पट जोरात!

मी आईकडे पाहिलं. ती गाडीच्या दाराला धरून उभी होती, ओठ घट्ट मिटलेले. अंगाने एवढीशी झाली होती. माझी झोप नव्हती झालेली, हात भाजला होता, पंप बदलूनही बदलल्यासारखा नव्हता. माझं डोकंच फिरलं. मी दोन्ही हात जोडले आणि ओरडलो,

“अण्णा, नाही विकत गाडी! कधीच नाही विकत! झालं समाधान?”

आणि त्या क्षणी वाफ थांबली.

अहो, पाणी संपलं होतं! थांबणार नाही तर काय करेल? पण हे तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार? गर्दीतून “अरे बापरे” असा आवाज उठला. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी संतच झालो होतो. आणि आई तिथेच, रस्त्याच्या कडेला, गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर हात ठेवून रडायला लागली. हुंदके देऊन. पहिल्यांदा. दादाने तिला धरलं, मग मीही धरलं. ओळख ना देख, ती देवस्थान विचारणारी बाईसुद्धा डोळे पुसत होती.

लोकांनीच धक्का मारून गाडी वळवून दिली.

संध्याकाळी मी गाडीत परत पाणी भरलं आणि ते एकदा धुऊन काढायला म्हणून खालची नळी सोडवली. पाणी येईना. बोट घातलं. काहीतरी मऊ लागलं. ओढलं, तर बोळा. सुजलेला, गंजाने तांबडा झालेला, आईच्या उशीचा अभ्रा.

मी तिथेच जमिनीवर बसलो. एवढी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. आधी वाटलं, फेकावा गटारात, कोणाला कळतंय? पण गाडी आता ठणठणीत होती आणि गळ घातली असती तर गिऱ्हाईक एक दिवस थांबलं असतं. दादाला विकायचीच होती. आणि आई माझ्या एका बोळ्यापायी अण्णांशी बोलणं झालं असं समजून बसली होती. हे मला सहन होईना.

वर गेलो. आई स्वयंपाकघरात मामांना आणि दादाला सांगत होती, अण्णांनी गाडी पहिल्यांदा आणली तेव्हा तिला फिरवायला कसं भांडुपपर्यंत नेलं आणि येताना दोघांनी गाडी चालवत आणायच्या ऐवजी कशी ढकलत आणली. सांगताना रडत होती, मध्येच हसत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती अशी भरभरून बोलत होती. मला परत फिरावंसं वाटलं. तरी बोळा तिच्यापुढे धरला.

“आई, अण्णांचं काही नव्हतं गं. मीच हा नळीत विसरलो होतो. पाणी फिरत नव्हतं म्हणून गाडी तापत होती.”

मामांचं तोंड एवढंसं झालं. दादा ताडकन् उभा राहिला. “म्हणजे गाडी चांगली आहे? मग उद्याच नेऊन देऊ!” त्याचा हात खिशातल्या सिगरेटच्या पाकिटाकडे गेलेला मी पाहिला.

आईने बोळा हातात घेतला. उलटसुलट करून पाहिला.

“हा आत राहिला म्हणून गाडी गेली नाही?”

“हो.”

“आणि तू तो काढायला विसरलास?”

“हो गं. मीच. माझीच चूक.”

“मग तुला विसरायला कोणी लावलं?”

मी दादाकडे पाहिलं, तो पाकीट परत खिशात ढकलत होता. मामा आनंदाने मांडीवर थाप मारून आईला ओरडले, “शाबास गो बाये! झाली सही!”

गाडी विकली नाही. आई मात्र त्या दिवसापासून माणसांत आली, हे खरं. मला आनंद व्हायला हवा, आणि झालाही. पण एक गोष्ट आतून खात राहते. उभ्या आयुष्यात त्या गाडीचं एकच काम मी अण्णांच्या मदतीशिवाय, पूर्णपणे एकट्याने केलं होतं, ते म्हणजे ही चूक. आणि तीसुद्धा अण्णांच्याच नावावर गेली!