टाळ्यांच्या कडकडाटात

दर शनिवारी दुपारी जेवून जरा आडवं व्हायच्या बेतात असताना मोबाइलवर शाळेची बातमी येत असे. मुख्याध्यापिकाबाई ती स्वतः लिहीत. सुरुवात ठरलेली: ‘पालक परिवारास कळवण्यास अत्यंत आनंद होतो की...’ सहावीच्या मुलांनी पालेभाज्या ओळखल्या, अत्यंत आनंद. विज्ञानाच्या खोलीत पंखा बसला, अत्यंत आनंद. पाचवीच्या मुलांनी हात कसे धुवावेत हे करून दाखवलं, सोबत भरपूर फोटो, सगळ्यांत ओले हात आणि मागे संस्थेचा फलक. फलक नसलेला फोटो बाई काढतच नसत. दुसऱ्या कुठल्या भावनेनं बाईंनी आम्हाला काही कळवल्याचं मला आठवत नाही.

मला हाताला लागेल ते वाचायची खोड आहे. भेळेचा कागदही मी उलटून वाचते आणि मग टाकते. त्यामुळे या बातम्या नीट वाचणारी बहुधा मी एकटीच असेन, आणि वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली ती अशी की फोटोतली मुलं कमी होत चालली होती. मुलगी पाचवीत असताना वर्गाचा फोटो बघायला फोन आडवा धरावा लागे. सहावीच्या दिवाळीनंतर तो उभ्या फोनमध्ये मावू लागला.

शाळा आमची भोईवाड्यातली, पाचवी ते सातवी. एके काळी दहावीपर्यंत होती. खालचे वर्ग आधी बंद झाले, मग वरचे, आणि मधलं तेवढं शिल्लक राहिलं. मराठी माध्यम. मुलीला तिथं घातलं तेव्हा नातेवाइकांनी माझ्याकडे, मुद्दाम पायऱ्यांवरून उडी मारणाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं होतं.

कोण शाळा सोडून गेलं हे शनिवारच्या बातमीत कधी नसे. ते मला चॉकलेटांवरून कळे. दाखला घेऊन जाणाऱ्या मुलाला आईवडील नवे कपडे घालून पाठवत, आणि तो वाढदिवसासारखी वर्गात चॉकलेटं वाटून जाई. मुलगी घरी आली की मी विचारायची, “कुणाचा वाढदिवस?”

“वाढदिवस नाही गं, दाखला.”

तिच्याबरोबर रोज तिची मैत्रीणही आमच्या घरी येई. या मैत्रिणीची आई जवळच्याच एका इस्पितळात वॉर्डात मावशीचं काम करत होती. नवरा करोनाच्या वर्षी गेलेला. सकाळपाळी, दुपारपाळी, रातपाळी असं चक्र. रातपाळी असली की मैत्रीण आमच्याकडेच झोपायची. शाळा त्यांच्या चाळीच्या आणि आमच्या चाळीच्या बरोबर मध्ये, इस्पितळ चालत जाण्याइतकं, त्यामुळे हे सगळं कसंबसं बसत होतं. मैत्रिणीच्या आईच्या घरात देव्हारा नव्हता. पण मुलीचं दप्तर कुणी पायाशी ठेवलेलं तिला खपत नसे. आम्ही दोघी एकमेकींना मुलींच्या नावानं ओळखायचो, अमकीची आई, तमकीची आई. तोंडावर ती मला ताई म्हणायची, मी तिला ‘अहो’.

सहामाही परीक्षेच्या सुमारास बाईंनी तिला सांगितलं की पट असाच घसरत राहिला तर पुढच्या वर्षी सातवीचा वर्ग उघडता येणार नाही. त्याच संध्याकाळी ती आमच्या दारात आली, चप्पल न काढता उभी राहिली.

“ताई, सातवी झाली नाही ना, तर मला हिला बदलापूरला भावाकडे ठेवावी लागेल. दुसरीकडे कुठं नेऊन सोडणार मी? सातला तर माझी हजेरी लागते.”

“होईल हो सातवी,” मी म्हणाले. वाचन दांडगं असलं तरी अशा वेळी तोंडातून हेच निघतं.

“मला तिच्याशिवाय घरी यायचं नाहीये,” ती म्हणाली, आणि ड्यूटीवर गेली.

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. प्रमुख पाहुणे उशिरा आले, त्यामुळे पाहुण्यांच्या स्वागतासाठी सजवलेल्या मुली उन्हात पिकल्या. मग व्यासपीठावरच्या प्रत्येकानं व्यासपीठावरच्या प्रत्येकाचा सत्कार केला. शाली कमी पडल्या तेव्हा पहिल्या सत्कारातली एक घडी घालून पुन्हा आत गेली आणि दुसऱ्या खांद्यावर बाहेर आली. सूत्रसंचालन खेळाच्या सरांकडे होतं. सरांना मैदानाची सवय; दर दोन वाक्यांनंतर ते ओरडत, “आवाज येत नाहीये! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!” आणि टाळ्या होत. पाहुण्यांनी पाणी पिण्यासाठी भाषण थांबवलं तेव्हाही झाल्या.

मग संस्थेचे सचिव उठले. गोरेगोमटे, मऊ आवाजाचे गृहस्थ. ते म्हणाले, “पुढच्या जूनपासून आपल्या याच वास्तूत पाचवी ते सातवीचे वर्ग आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमासह, संपूर्ण नव्या स्वरूपात सुरू होत आहेत!”

“जोरदार टाळ्या!” सर ओरडले.

सगळं मैदान वाजलं. मैत्रिणीची आई पाळी संपवून तशीच आली होती, मागे भिंतीशी उभी होती. तिनं दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवल्या, मग पदरानं हळूच डोळे पुसले. सातवी होणार होती, आणि तीही आंतरराष्ट्रीय. माझ्या मुलीचा कोळीनाच नुकताच झाला होता. माझ्या एका हातात तिची टोपली आणि दुसऱ्यात पुठ्ठ्याचं पापलेट होतं, नाहीतर मीही वाजवल्या असत्या.

पुढच्या शनिवारी बाईंना अत्यंत आनंद झाला. नवीन शाळेच्या घोषणेचं पालकांनी टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत केलं होतं. नवे प्रवेश फेब्रुवारीत सुरू होतील, इंग्रजी माध्यम, मुलाखत आवश्यक. आणि अगदी खाली, फोटोंच्या आधी: सध्याच्या विद्यार्थ्यांचे समायोजन संस्थेच्या ठाण्यापलीकडील शाळेत करण्यात येईल. सोबत टाळ्यांचा व्हिडिओ.

ग्रुपवर पहिल्या तासाभरात बऱ्याच पालकांनी हात जोडल्याची चित्रं आणि फुलं पाठवली. मग कुणीतरी खालची ओळ वाचली.

माझ्या सासूबाई कणकवलीच्या, कॉटवर बसून हे सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, “टाळ्यो वाजवल्यात मां? मगे आता रडतास कित्याक?” हा प्रश्न त्यांनी चेष्टेत विचारला होता. चारच दिवसांनी सचिवांनी तो गंभीरपणे विचारला.

आम्ही काही आया त्यांना भेटायला गेलो होतो. संस्थेच्या कार्यालयात दिवंगत अध्यक्षांच्या तसबिरी ओळीनं लावलेल्या, प्रत्येकीला चंदनाचा हार, आणि खाली जिवंत सचिव, त्यांच्या टेबलावर सत्काराचे नारळ. चहा आला, औषध प्यायच्या मापाचे कप.

“साहेब, सातवीचा वर्ग होणार का नाही, एवढंच सांगा,” मैत्रिणीची आई म्हणाली.

“होणार तर! उत्तम होणार, ताई.”

“आमच्या मुलींचा?”

“आता मुलाखत देऊ शकतात त्याही. इंग्रजीत असेल, एवढंच. नाहीतर आपली दुसरी शाळा आहेच की, हवेशीर आहे, मैदान आहे.”

“तिथं पोचायला गाडी बदलून दीड-पावणेदोन तास लागतात साहेब. अकरा वर्षांची पोर आहे.”

“हे बघा, संस्थेनं पालकांना विश्वासात घेऊनच निर्णय घेतला. तुम्हीच तर स्वागत केलंत.” त्यांनी फोन उचलला, व्हिडिओ लावला आणि आमच्याकडे वळवला. खेळाच्या सरांचा आवाज, मग टाळ्या. त्यांनी बोटानं चित्र थांबवलं. “ह्या तुम्हीच ना?”

भिंतीशी उभी, दोन्ही हात वर. चेहऱ्यावर जे होतं ते मी तिच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

“मला वाटलं, आमचीच शाळा मोठी होतेय,” ती म्हणाली.

“मोठीच होतेय!”

मला राहवेना. “अहो, टाळ्या वाजवा म्हणून सर माईकवर ओरडत होते. त्याला काय पालकांची संमती म्हणायची?”

सचिवांनी व्हिडिओ थोडा पुढे सरकवला. “ह्या तुम्ही. तुम्ही वाजवत नाही आहात, बरोबर? म्हणजे ज्यांना पसंत नव्हतं त्यांनी नाही वाजवल्या. सक्ती कुठे होती?”

“माझ्या हातात पापलेट होतं,” मी म्हणाले.

पंचवीसेक वर्षं जाडजूड पुस्तकं वाचून ऐन वेळी मी मांडलेला मुद्दा हा. बरोबरच्या आयांपैकी एक हसली, मग सगळ्याच हसल्या, सचिवही हसले, आणि हसत हसतच ते उठून उभे राहिले, म्हणजे भेट संपली होती.

त्यानंतर जे होतं ते झालं. अर्ज दिले. एका पालकाच्या ओळखीनं कुठल्याशा कार्यकर्त्याला भेटलो. त्यानं आमच्याबरोबर फोटो काढला आणि तो आपल्या वाढदिवसाच्या बॅनरवर लावला. दुसरीकडे ज्याला जिथं जागा मिळेल तिथं जो तो मुलाला घालू लागला. त्यात कुणाला दोष द्यायचा? जागा भरत चालल्या होत्या. पण जाणारा प्रत्येक जण पट खाली आणत होता, आणि पट खाली आला की सचिवांचं म्हणणं आणखी खरं होत होतं. फेब्रुवारीत मुलगी चॉकलेटं खाऊन कंटाळली. घरी आणून डब्यात टाकायची, मुंग्या लागायच्या.

मैत्रिणीच्या आईनं मात्र दाखला काढला नाही. मुलीला तापात, पोट दुखत असताना, परीक्षा संपल्यावरही शाळेत पाठवत राहिली. आपली मुलगी बाकावर बसलेली असली की वर्ग आहे, असं काहीतरी तिच्या मनात असावं. शेवटी शेवटी दोघी मुली आणि तीन मुलगे एवढाच वर्ग उरला होता आणि बाई त्यांना ग्रंथालयात बसवून चित्रं काढायला लावत. भिंतींना रंग लागत होता. एकदा ती बाईंकडे गेली, मला बरोबर घेऊन.

बाईंनी दार लोटलं. “माझ्या हातात काय आहे हो? मला दोन वर्षं काढायची आहेत. नव्या शाळेत ऑफिसात घेतो म्हणालेत.” मग जरा थांबून, “मी कुठे कुणाला टाळ्या वाजवा म्हटलं?”

ते मात्र खरं होतं.

निकालाच्या दिवशी दोघींना एकदमच दाखले मिळाले. माझ्या मुलीला दादरच्या एका मराठी शाळेत जागा मिळाली होती. माझं ऑफिस तिथंच, मी जाताना सोडणार, येताना आणणार. त्या शाळेत आणखी एक जागा होती. मी चौकशी करून ठेवली होती. दाखले घेऊन बाहेर पडताना मी मैत्रिणीच्या आईला म्हणाले, “दोघींना मीच नेईन. संध्याकाळी आमच्याकडे, रातपाळीला आमच्याकडे, आतापर्यंत होतं तसंच.”

तिनं नाही म्हणायला वेळ घेतला नाही. बहुधा तिनं याचा विचार आधीच करून ठेवला होता.

“तसंच नाही होणार ताई. इतके दिवस मध्ये शाळा होती. मुलगी शाळेत जायची, तिथून तुमच्याकडे यायची. आता सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्हीच. तुम्ही आजारी पडलात, तुमची बदली झाली, तुमच्याकडे पाहुणे आले, तर मी काय बोलणार? उद्या पोरींचंच भांडण झालं तर?”

“मी काही म्हणणार नाही.”

“तेच तर. तुम्ही काही म्हणणार नाही.”

पुस्तकांतल्या माणसांना अशा वेळी उत्तर सुचतं. दोघी मुली पुढे चालल्या होत्या, एकमेकींच्या दाखल्यावर अंगावरची ओळखखूण काय लिहिली आहे ते वाचून खिदळत.

मे महिन्यात बदलापूरचा मामा येऊन मैत्रिणीला घेऊन गेला. मी ऑफिसात होते. मुलगी एवढंच म्हणाली की तिचं दप्तर मामानं गाडीच्या डिकीत टाकलं आणि तिची आई काही बोलली नाही.

आधी रोज फोन होत. “काय करतेस?” “काही नाही. तू?” “काही नाही.” मग दोघी फोन भिंतीला टेकवून आपापला गृहपाठ करत बसत. मग तिकडे क्लास लागला, इकडे परीक्षा आली. दादरच्या शाळेत माझ्या मुलीच्या वर्गात साठ मुलं आहेत आणि तिच्याबद्दल तक्रार अशी आहे की ती कुणाशी बोलत नाही.

ग्रुपमधून मला अजून कुणी काढलेलं नाही. नव्या शाळेच्या बातम्या येतात, इंग्रजीत. बाईंचा आनंदही इंग्रजीत झाला आहे.

परवा इस्पितळाच्या कोपऱ्यावर मैत्रिणीची आई दिसली. सिग्नलला थांबली होती, सकाळपाळी सुटलेली, हातात भाजीची छोटी पिशवी, एकट्या माणसाला पुरेल एवढी. मी मुलीची चौकशी केली.

“चांगलं चाललंय तिचं,” ती म्हणाली. “तिसरा नंबर आला. मामीनं केस कापलेत, छान दिसतात.” सिग्नल सुटला, लोक पुढे सरले, ती तिथंच उभी राहिली. “ताई, या रविवारी सुट्टी आहे मला. काल फोनवर विचारलं तिला, येऊ का गं रविवारी?”

“मग?”

“म्हणाली, मामीला विचारून सांगते.”

सिग्नल पुन्हा पडला. समोरून एक बस गेली, मग दुसरी. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, “अजून सांगितलं नाहीये तिनं.”