दोन रेघांखालचं नाव

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, जन्मात कुणाशी भांडले नाहीत. डाळीत खडे निघाले तर दुकानदाराला चार शब्द सुनवायचे सोडून हा माणूस ताट घेऊन खडे निवडत बसणार. मी मात्र जन्मभर तिकीटखिडकीत बसलेली बाई. समोरच्याने सुटे दिले नाहीत तरी माझा पारा चढायचा. ही हकीकत त्यांनी सांगितली असती तर कुणाच्या केसालाही धक्का लागला नसता. म्हणून मी सांगते.

भाऊजी एका कॉलेजच्या संगणक विभागात होते. शिकवायला नाही, यंत्रं चालू ठेवायला. वायरींचा गुंता दिसला की त्यांचा चेहरा खुलायचा. त्यांच्या आईला अर्धांगवायू झाला, ती अंथरुणाला खिळली, तेव्हा भाऊजींनी त्यांना जे येत होतं ते केलं. प्राचार्यांना विचारून कॉलेजच्या सर्व्हरवर एक मेलिंग लिस्ट काढली. ज्यांच्या घरी असं खिळलेलं माणूस आहे त्यांनी एका पत्त्यावर मेल टाकायचा, तो सगळ्यांना पोचायचा, ज्याला ठाऊक असेल त्याने उत्तर द्यायचं. जुने मेल एका जागी साठत राहायचे, म्हणजे नव्या माणसाला शोधता यावेत. कल्पना उत्तमच होती. आईचं करणं-सवरणं माझ्या बहिणीकडे होतं.

तिला घरात सगळे ठकू म्हणायचे. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी जिथे बसवली तिथे बसायची म्हणून. मी धाकटी असूनही तिला कधी ताई म्हटलं नाही. लिस्टवर लोक प्रश्न विचारायला लागले आणि भाऊजींना एकाचंही उत्तर येईना. मग सासूबाईंचा डोळा लागला की ठकू दोन बोटांनी टाइप करत बसायची. चादर बदलताना माणूस उचलायचा नाही, चादर अर्धी गुंडाळून पाठीशी सरकवायची आणि मग कूस बदलायची. टाच गादीला टेकू द्यायची नाही, पोटरीखाली टॉवेलची घडी ठेवायची. घास गिळताना हनुवटी खाली हवी. असं सगळं ती लिहायची. "मी" हा शब्द तिने लिहिण्यातही काटकसरीनेच वापरला. सासूला ती आई म्हणायची, तेच लिहायची.

घरात ईमेलचा पत्ता एकच होता, भाऊजींच्या नावाचा. आमच्याकडे टेलिफोनही असाच घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावावर असायचा, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. ठकूचं प्रत्येक उत्तर त्यांच्या नावाने जायचं आणि खाली दोन आडव्या रेघा मारून ती लिहायची, ठकू. सहीच्या वर दोन रेघा द्यायच्या ही शिस्त भाऊजींनीच तिला लावली होती. लोक तिला ठकूताई म्हणायला लागले. सासूबाई गेल्यावरही तिने उत्तरं देणं सोडलं नाही. तिची स्वतःची सेवा करायची वेळ मात्र तिने कुणावर आणली नाही. एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता गेली.

भाऊजी निवृत्त झाले, तरी लिस्ट त्यांच्याकडेच राहिली. मग कॉलेजने कळवलं की जुना सर्व्हर मोडीत निघणार, लिस्ट नव्या यंत्रणेत न्यायची असेल तर सगळे जुने मेल तपासून द्या. भाऊजींना जणू पुन्हा नोकरी लागली. आधीच्या काळातले मेल जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेले, ते नव्या यंत्रणेत नुसते चौकोन आणि टिंबं दिसायचे. भाऊजींनी महिनोन्‌महिने बसून ते सरळ केले. कुठे तारीख उडालेली, ती लावली. कुठे फोटो गळालेला, तो शोधला. मी जेवणाचा डबा घेऊन जायची तर डबा तसाच बाजूला.

"कशाला एवढं जीव तोडून करताय?" मी एकदा विचारलं.

"तिचं दुसरं काय उरलंय गं," ते म्हणाले, "फोटोत तर ती डोळे मिटूनच उभी असते."

मी डबा उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

नवी यंत्रणा चालवणाऱ्या कंपनीने चाचणी म्हणून सगळे मेल नव्या जागी चढवून दाखवले. भाऊजींनी अक्षरं तपासली, तारखा तपासल्या, एकूण आकडा जुळवला आणि होकार कळवला. कॉलेजने जुना सर्व्हर पुसून भंगारात दिला. भाऊजींच्या घरी प्रत नव्हती. सर्व्हर हीच प्रत, असं मानण्यात त्यांचा जन्म गेला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला. "जरा येतेस का?" आवाज असा की मी चपला कशा घातल्या ते मला आठवत नाही.

पडद्यावर ठकूचं उत्तर होतं, टाचेचं. वर भाऊजींचं नाव, शेजारी भाऊजींचा चष्म्यातला फोटो. खाली काहीच नाही. रेघाही नाहीत. त्या नव्या यंत्रणेला दोन रेघांखालचा मजकूर म्हणजे फोन नंबर आणि हुद्द्याची अडगळ वाटते, ती तो कापून टाकते. एकूण एक पत्रातून ठकू गेली होती.

"तपासताना दिसलं नाही तुम्हाला?" मी ओरडलेच.

"वर माझंच नाव असायचं गं कायम," ते म्हणाले. "ते बघायची सवयच झालेली. खाली बघितलंच नाही."

कंपनीतल्या बाई फोनवर अतिशय गोड बोलल्या. जुना संग्रह आता कायमचा कुलूपबंद आहे सर, त्यात कुणालाच बदल करता येत नाही, आणि होकार तुमचाच आहे. मी फोन हिसकावून घेतला आणि खिडकीतला आवाज लावला. त्या तरीही गोडच बोलल्या.

जुन्या सभासदांकडे मूळ पत्रं असतील म्हणून भाऊजींनी मेल पाठवले. बहुतेक परत आले. अशा लिस्टवर लोक घरचं माणूस असेतोवरच राहतात. ते गेलं की लिस्ट सोडतात, त्यांना ती आठवणही नको असते. ठकूला ओळखणारे असे एकेक करून निघून गेले होते.

नव्या लोकांना भाऊजी म्हणजे देवमाणूस. दादा, तुमच्यामुळे आमची आई सुखाने गेली. दादा, तुमच्या हाताला काय गुण आहे! भाऊजी ते वाचून घामाघूम व्हायचे. मग एका नव्या सभासदाने विचारलं, "जुन्या पत्रांत लोक सारखे कुणा ठकूताईंचे आभार मानतात. पण त्यांचं एकही पत्र सापडत नाही. या कोण?"

एका बाईने लगेच उत्तर दिलं. "ते दादांचंच टोपणनाव असणार. बायकांनी न संकोचता विचारावं म्हणून ते बाईच्या नावाने लिहीत असतील."

भाऊजींनी आयुष्यातलं पहिलं भांडण करायचं ठरवलं. मी शेजारीच बसले होते. त्यांनी लिहिलं, "ठकू माझी पत्नी. ही सगळी उत्तरं तिची आहेत. माझ्या आईची कूस मी एकदाही बदललेली नाही. मला ते येत नाही. आभार मानायचे तर तिचे माना." मी म्हटलं, शाब्बास. त्यांनी बटण दाबलं.

सकाळी जाऊन बघते तर त्या पत्राखाली लाल बदामांची रांग. "दादा, केवढा हा मोठेपणा!" "एवढं करून सगळं श्रेय पत्नीला!" एकाने तर हे पत्र लिस्टच्या माथ्यावर कायमचं लावा म्हणून सुचवलं.

माझं डोकं फिरलं. मी स्वतःच्या नावाने लिहिलं की मी तिची सख्खी बहीण, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, हा माणूस अक्षरन्‌अक्षर खरं सांगतोय. टोपणनावाचा शोध लावणाऱ्या त्याच बाईने मला लिहिलं, "ताई, असे भाऊजी मिळायला भाग्य लागतं."

"राहू दे आता," भाऊजी म्हणाले आणि खडे निवडायला बसल्यासारखे मान खाली घालून बसले. मी राहू दिलं नाही, आणखी दोनदा लिहिलं. बदाम तेवढे वाढले.

ती बाई वाईट नाही, हेच तर दुखणं आहे. तिने काल आभार म्हणून एक फोटो पाठवला. पलंगावर तिचे वडील, पोटरीखाली टॉवेलची घडी, टाच स्वच्छ. उशाशी भिंतीवर ठकूचं पत्र छापून चिकटवलेलं आहे, आणि वर ठळक अक्षरांत भाऊजींचं नाव.