मामांचे फोन

वस्तू कुणाची आहे हे कळल्याशिवाय मामांना चैन पडत नसे. ऑफिसच्या पँट्रीत बेवारस डबा दिसला, तर तो हातात घेऊन ते सगळा मजला फिरत. वयानं थोरले, म्हणून मराठी-तेलुगू सगळेच त्यांना मामा म्हणत. घर काचीगुड्याला, कैक पिढ्यांचं. त्यामुळे मराठीत तिथल्या दखनी बोलीतले ‘हौ’ आणि ‘नक्को’ पुरते मुरलेले. मी पुण्याहून नवा आलेला.

आम्ही दोघांनी एक टूल केलं. कंपनीनं क्लाउडवर भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरच्या गटांपैकी, म्हणजे क्लस्टरपैकी, कोणते विनाकारण चालू आहेत, त्यांची यादी ते काढायचं. मग मामा ते क्लस्टर वापरणाऱ्या एकेकाला फोन लावत. “मेल टाकू या ना,” म्हटलं की म्हणत, “नक्को रे. क्लस्टर शांत आहे, एवढंच टूल सांगतं. कशापायी शांत आहे, ते माणूस सांगतो.”

एकदा मामा रजेवर होते. दहा दिवस शांत असलेला एक क्लस्टर यादीत आला. त्यावर नोंदवलेल्या नंबराला फोन लागेना. बिल कमी करून दाखवायची मला कोण घाई! मी तो उडवला. तो आमच्याच मजल्यावरच्या सरिताचा निघाला. ती बहिणीच्या लग्नाला गेली होती आणि तिचं तीन आठवड्यांचं काम त्यातच होतं.

मामा परतले त्या दिवशी साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, “कुणी केलं हे?” मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, “उडवायचं बटण मी ठेवलं, अट घातली नाही. चूक माझी.” बाहेर आल्यावर मात्र माझा दंड धरला. “साहेबांना मी सांगितलं. सरिताला तू सांगायचं.”

सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं ते काम पुन्हा उभं करायला बसलो. मामा घरून तिघांचा डबा आणत. त्यांच्या आईची भाकरी खाता खाता सरिताचा राग उतरला. उडवण्याआधी पंधरा दिवस थांबायची अट टूलमध्ये तिनंच घातली आणि त्या अटीला माझं नाव दिलं. ते अजून तसंच आहे.

मागच्या वर्षी मामा शहरातल्याच मलकपेठच्या एका कॉलेजात शिकवायला गेले. निरोप देताना माझे डोळे भरले, तर म्हणाले, “रडायलास कशाला? मलकपेठ काय अमेरिकेत आहे?”

दुसऱ्या दिवशी नवी यादी आली. पहिला फोन मीच लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, “मामा नाहीत?” मी म्हटलं, “नाहीत.” मग क्लस्टर राहिला बाजूला, आम्ही बराच वेळ मामांबद्दलच बोलत बसलो.